गढीतलं घर

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी आत्ती उठायची, आणि ती उठली की कोंबड्याची गरज राहत नसे. आत्ती म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती आमच्याकडे आली आणि माझी आई गेल्यावर घर तिच्या हातात गेलं. चुलीवर काय शिजवायचं, म्हशीला पेंड किती घालायची, मी चौथीच्या पुढं शाळेत जायचं की नाही, सगळं तिनं ठरवलं. आबा दिवसभर उसाच्या रानात राबायचे आणि घरी आले की त्यांच्याकडं एकच शब्द उरलेला असायचा, "बरं." आत्ती, आबा, माझी थोरली बहीण अक्का आणि मी, अशी चार माणसं. बोलणं आत्तीचं आणि ऐकणं आम्हा तिघांचं. मी तर इतकी मुखदुर्बळ की शेजारणीनं नाव विचारलं तरी अक्काच्या पदराआड जायची. आताही फार फरक पडलेला नाही. सून म्हणते, आई, तुम्ही फोनवर हं सोडून दुसरं काही बोलतच नाही.

अक्काचं सगळं चांगलं होतं. रंग उजळ, हाताला चव, ऊस खुरपताना दोन बायकांचं काम ती एकटी ओढायची. फक्त ती उंच होती. आमच्या माजघराच्या तुळईवर ठेवलेला विळा ती टाचा न उचलता काढायची. तीन स्थळं त्या उंचीवरून परत गेली. एका मुलाची आई तर भर बैठकीत म्हणाली, "पोरगी देखणी हाय, पर हार घालाय आमच्या पोराला पाटावर हुबा करावा लागंल." सगळे हसले. अक्का आत भाकरी थापत होती, तिनं ऐकलं. त्या दिवसापासून ती खांदे पाडून चालायला लागली. आत्ती वर म्हणायची, "अशीच चालत जा, तेवढीच बुटकी दिसतीस." मला इतका संताप यायचा की मी गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायची. म्हशीला तरी ऐकू जायचं.

चौथं स्थळ सांगलीकडचं निघालं. आईच्या माहेरचे एक तात्या मध्ये होते. मुलाची आई आणि तिचा भाऊ येऊन अक्काला बघून गेले. ती बाई बुटकी, साध्या इरकली लुगड्यातली. तिनं अक्काला उभं राहायला सांगितलं, मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पसंत हाय आमाला." मुलगा आला नव्हता. तात्या म्हणाले, "पोरगा गढीत ऱ्हातो. समद्या गढीच्या किल्ल्या त्याच्या कमरंला असत्यात. सोडून येता येत न्हाई त्याला." यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे तात्यांच्या बाजूनं लिहायला हवं. पण आत्तीनं 'गढी' ऐकलं आणि पुढचं ऐकायचं सोडून दिलं. बाईचं साधं लुगडंही तिला पटलं. म्हणाली, "मोठ्या घरची माणसं अशीच साधी असत्यात."

आता राहिलं होतं घर बघणं. आमच्याकडं मुलीचं घर बघायला गेलेला माणूस भिंती बघत नाही, कणगी बघतो. कणगी म्हणजे धान्य साठवायची, तुरकाठ्यांची विणून शेणानं लिंपलेली उंच टोपली. पाहुणा बोलता बोलता तिच्यात हात घालतो आणि धान्य किती खोल आहे ते कोपरानं मोजतो. त्यात दुष्काळ नुकता सरलेला. सरकारी कामावरच्या सुकडीवर दिवस काढलेल्या माणसांना भरलेल्या कणगीपुढं दुसरं काही दिसत नव्हतं. आत्तीचं तर त्याहून वेगळं दुखणं होतं. तिच्या लग्नाच्या वेळी सासरच्यांनी शेजाऱ्यांचे बैल स्वतःच्या दावणीला बांधून दाखवले होते आणि कणगीत खाली भुसा भरून वर वीतभर ज्वारी पसरली होती. तिच्या वडिलांनी वरवर हात फिरवला आणि "बरं" म्हटलं. ती गोष्ट आत्तीनं आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की त्या बैलांचे रंगसुद्धा मला पाठ होते.

ठरलेल्या दिवशी तात्यांना हिवताप भरला, म्हणून आत्ती, आबा आणि मी असे तिघंच निघालो. मला नेलं ते एस.टी.च्या पाट्या वाचायला, कारण त्या दोघांना अक्षर येत नव्हतं. अक्कानं पहाटे उठून दशम्या केल्या, वर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मला वेणी घालताना ती हळूच म्हणाली, "त्यांची उंची बघून ये." बस्स, एवढंच. कराडच्या स्टँडवर दुसरी गाडी धरली. आत्ती वाटेत सगळ्या बायकांना सांगत होती, "गढीत पोरगी देतोय." एक बाई म्हणाली, "गढीत कोण ऱ्हातं आता?" आत्तीनं तिच्याकडं पाठ फिरवली आणि दशमीचं फडकं सोडून खायला लागली.

गढी गावाच्या टोकाला, ओढ्याच्या वळणावर होती. चार कोपऱ्यांना चार बुरूज, मध्ये एवढा मोठा दरवाजा की उसाची गाडी सहज आत जावी, त्याला हत्तीनं धडक देऊ नये म्हणून लोखंडी सुळे. दरवाजा बंद होता आणि त्याच्या पोटातली लहान दिंडी उघडी होती. तिच्याशेजारी पत्र्याची पाटी होती. मी वाचलं: गढी पाहण्याची वेळ, सकाळी नऊ ते सायंकाळी पाच. मी आत्तीच्या कानाशी म्हटलं, "आत्ती, हितं गढी बघायची येळ लिवलीया." ती म्हणाली, "मोठ्या घराला भेटाय माणसं येत्यात, येळ लावावीच लागती. गप ऱ्हा." मी गप्प राहिले. तिथंच मोठ्यानं बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझा आवाज ओठांच्या बाहेर यायचाच नाही, त्याला काय करणार?

दिंडीतून एक माणूस वाकून बाहेर आला आणि सरळ उभा राहिला. मी आधी उंचीच बघितली. आबांच्या पटक्याच्या वर त्याचा गळा होता. कपाळावर केसांच्या कडेला जुन्या खोका होत्या, बुटक्या चौकटींना आपटून झालेल्या. त्याचं नाव आनंदा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पायावर पाणी घालायला तांब्या दिला आणि म्हणाला, "आई सैपाकात हाय. तवर गढी दाखवतो. या, डोकं जपून." आबांना वाकायची गरजच नव्हती, तरी ते वाकले.

मग त्यानं एकेक खोली उघडून दाखवायला सुरुवात केली. रोज येणाऱ्यांना तो हेच दाखवायचा, म्हणून खोलीत शिरलं की त्याचा आवाज बदलायचा, पुस्तकातल्यासारखा व्हायचा. "हा दरबार महाल. येथे सरकार बसून न्यायनिवाडा करीत." पांढरी गादी, लोड, छताला हंड्या, भिंतीला ढाली. आत्ती तडक जाऊन गादीवर बसली. तिच्या डोक्यावर पाटी होती, 'येथे बसू नये'. मी म्हटलं, "आत्ती, बसू नये लिवलंय." "सोयऱ्याच्या घरात बसू नगं म्हणून कोण लिवतं का?" ती म्हणाली. आनंदा बिचारा पाटीकडं बघायचा, आत्तीकडं बघायचा, आणि होऊ घातलेल्या सासरच्या माणसाला उठवायचं कसं, म्हणून दाराशीच उभा राहिला. त्याचाही मला राग आला. एवढा उंच माणूस, पण तोंडात माझ्याएवढीच जीभ.

"हे समदं झाडून कोण काढतं?" आत्तीनं विचारलं.

"मीच काढतो की."

"गडी न्हाईत?"

"हुते पूर्वी. आता मीच."

आत्तीनं आबांना कोपरानं ढोसलं. "कामाचा हाय. घमेंड न्हाई."

पुढं शस्त्रांची खोली, मग बाईसाहेबांची खोली. तिथं नक्षीचा पलंग, पितळी पानदान, आरसा, रंगीत पाळणा. आत्ती पलंगाची गादी दाबून बघत होती. "हितं निजतं कोण?" "कुणी न्हाई." "का?" "निजायचं नसतं हितं," आनंदा म्हणाला आणि का कुणास ठाऊक लाजला. आत्तीला त्याचं लाजणं फार आवडलं. ती माझ्या कानात म्हणाली, "लग्नासाठी राखून ठेवलाय." मी पाळण्यावरची पाटी वाचून दाखवायला गेले तर आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा तो हात म्हणजे बोलू नकोस असं सांगणं असायचं. त्या घरात दहा पाट्या होत्या, वाचता येणारी मी एकटी होते, आणि ऐकून घ्यायला एक माणूस तयार नव्हतं. आज हे लिहिताना पेन जरा जोरात दाबलं जातंय.

शेवटी तो आम्हाला मुदपाकखान्यात घेऊन गेला, म्हणजे गढीच्या स्वयंपाकघरात. माणूस बसेल एवढी पातेली, पाच चुली, कोपऱ्यात तीन कणग्या. "येथे रोज दोनशे पान उठत असे," आनंदा म्हणाला. "आणि आता?" "आता कुठलं? आता मी आन् आई." "माणसं कमी, सुख हाय," आत्ती म्हणाली आणि बोलता बोलता कणग्यांकडं सरकली. पदर खोचला. वर पिवळीधमक ज्वारी दिसत होती. तिनं हात घातला. बोटभर ज्वारीखाली गोणपाट लागलं, आणि गोणपाटाखाली भुसा.

आत्तीनं हात कोपरापर्यंत खाली रेटला. मग मुठीत भुसा घेऊन तिनं तो आनंदाच्या तोंडापुढं धरला. "हे काय हाय?"

"भुसा हाय, आत्याबाई. ते दाखवायचं हाय."

"व्हय की! दाखवायचंच! आमालाबी असंच दाखवलं हुतं! बापाला फसवलं तसं भावाला फसवता व्हय रं?"

"आवं, येणाऱ्या माणसांला दाखवायला..."

"ऐका! तोंडानं सांगतोय!"

आबा म्हणाले, "बाई, जरा दमानं." ती दमानं घेणार होती? ती मुदपाकखान्याच्या मधोमध उभी राहून मेलेल्या सासू-सासऱ्यांपासून तात्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होती आणि उंच छतातून तिचा आवाज परत येत होता. आनंदाला आत्ता कुठं उमजलं. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "आत्याबाई, हे आमचं न्हाई. गढी सरकारांची. ते पुण्याला असत्यात. जुन्या वस्तू मांडून ठेवल्यात, लोक बघाय येत्यात. आमी राखणदार. आमचं घर दारापाशी, देवडीत. तात्यांनी सांगितलं न्हाई?" तात्यांनी सांगितलं होतं. ऐकलं नव्हतं ते आम्ही.

देवडी म्हणजे मोठ्या दरवाजाच्या आत, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्या. त्यातल्या दोन यांच्या. आनंदाची आई दारात तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. आत्ती दिंडीच्या बाहेर दगडावर जाऊन बसली आणि आबा तिच्याशेजारी उभे राहिले, घराकडं पाठ करून. मला तहान लागली होती. बाईनं मला हातानं बोलावलं, "ये बाय, तू तरी ये." मी गेले.

आत शेणानं सारवलेली गार जमीन, चूल, एक छोटी कणगी आणि चुलीवर शेवयांची खीर, आमच्यासाठी केलेली. बाईनं वाटी भरून दिली आणि ती स्टुलावर चढून फळीवरचा साखरेचा डबा काढायला लागली. पाच फुटांची बाई, फळी तिच्या डोक्याच्या वर गेलेली, स्टुलाशिवाय मागचा डबा हाताला लागेना. फळीखाली भिंतीत, हातभर खाली, खुंट्यांची जुनी भोकं दिसत होती. तिनं माझी नजर बघितली. म्हणाली, "आनंदाला वर मारून घ्यायला लावली. तुझी बहीण उंच हाय न्हवं? जल्मभर तिनं वाकून डबं काढायचं व्हय? दारं सरकारची हायत, ती काय वर व्हायची न्हाईत. फळी आपली हाय." मी फळीकडं बघत खीर खाल्ली. दुसरी वाटी दिली, तीही खाल्ली. तेवढ्यात बाहेरून आत्ती ओरडली, "खाऊ नगंस गं तिथलं काय!" सोयरीक पक्की झाल्याशिवाय त्या घरचं गोड खायचं नसतं. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला.

परतीच्या गाडीत आत्ती कराडपर्यंत बोलली आणि कराडपासून घरापर्यंत बोलली. रात्रीच्या भाकरीला अक्का चुलीपुढं बसली होती. तिनं काही विचारलं नाही, आत्तीचं ऐकून तिला सगळं कळलंच होतं. मी तिच्याजवळ बसले आणि फळीचं सांगितलं. ती हातातली भाकरी थांबवून म्हणाली, "किती वर?" मी उभी राहून हात करून दाखवला. अक्का उठली, माझ्या हाताच्या जागी आपला हात धरला. तो तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर आला. "आन् ते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आपल्या दारातनं वाकूनच येतील." ती परत खाली बसली. भाकरी करपली होती. तिनं ती स्वतःच्या ताटात ठेवली. "आत्तीला कोण सांगणार?" ती म्हणाली. आबांना सांगून उपयोग नव्हता, ते "बरं" म्हणाले असते, मला आणि मग आत्तीलाही.

दुसऱ्या दिवशी आत्तीनं कार्ड आणवलं. घरातली पत्रं मीच लिहायची. पाटावर कार्ड ठेवून मी बसले, आत्ती सांगायला लागली, अक्का समोर तांदूळ निवडत होती. "लिव. तुमचं स्थळ आमाला पसंत न्हाई. फुडं येऊ नये." मी श्री लिहिलं, साष्टांग नमस्कार लिहिला. मग थांबले. अक्कानं मान वर केली नाही, पण तिचा सुपातला हात थांबला होता. मला आजही सांगता येणार नाही की मला ते धाडस कुठून आलं. बोलायचं असतं तर जमलंच नसतं. मी लिहिलं: आपले स्थळ आम्हाला पसंत आहे. पुढील बोलण्यासाठी यावे. "वाच," आत्ती म्हणाली. मी कार्डाकडं बघून वाचलं, "तुमचं स्थळ आम्हाला पसंत नाही. पुढे येऊ नये." माझा आवाज नेहमीच बारीक असायचा, म्हणून तिला वेगळं काही वाटलं नाही. ते कार्ड मी स्वतः शाळेजवळच्या पेटीत टाकलं आणि घरी येऊन दोन दिवस तापानं झोपले. अक्कालाही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी ती माणसं आली. आनंदा, त्याची आई, मामा, बरोबर लुगडं, नारळ, साखरेचा पुडा. आनंदा आमच्या दारातनं वाकून आत आला. गल्लीतल्या चार बायका मागोमाग दाराशी जमल्या. आत्ती ओसरीवर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय म्हणायचं? आमी न्हाई म्हणून कळवलंय." मामांनी खिशातनं कार्ड काढलं. "न्हाई? आवं, ह्यात तर या म्हणून लिवलंय." आत्तीनं कार्ड घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि माझ्यापुढं धरलं. "वाच, मोठ्यांदा."

सगळे बघत होते. आत दाराच्या फटीत अक्काचं लुगडं दिसत होतं. मी कार्ड हातात घेतलं. खोटं वाचायचं म्हटलं तर मामांना वाचता येत होतं, आणि खरं वाचायचं म्हटलं तर आत्ती समोर होती. मी वाचलं. आयुष्यात कधी वाचलं नव्हतं एवढ्या मोठ्यांदा वाचलं: "आपले स्थळ आम्हाला पसंत आहे. पुढील बोलण्यासाठी यावे."

आत्तीचे डोळे माझ्यावर होते. मला वाटलं आता हात उठणार. तेवढ्यात आबा खांबाला टेकून बसले होते ते उठले. म्हणाले, "बाई, कार्ड आपल्या घरनं गेलंय. घराचा शबूद हाय. माघारी कसा घ्यायचा?" त्यांच्या तोंडून एका दमात एवढे शब्द मी कधी ऐकले नव्हते. आत्तीनं त्यांच्याकडं बघितलं, दारातल्या बायकांकडं बघितलं, आनंदाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. चौथी शिकलेल्या पोरीनं आपल्याला फसवलं, हे चारचौघांत कबूल करायचं की नाही, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. मग तिनं पदर सावरला.

"मग? मीच सांगितलंय की लिवायला. तुमी हुबं का? बसा. गूळ जरा सढळ घाल गं चहात."

अक्काचं लग्न त्याच वर्षी झालं. हार घालताना पाट लागला तो अक्काला, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं आत्तीच हसली. ही सोयरीक मी जमवली, आमची पोरगी गढीत दिलीय, असं ती मरेपर्यंत सांगत होती. गावातल्या बायकांना घेऊन जाऊन बाईसाहेबांचा पलंग दाखवायची आणि दरबार महालातल्या त्या पाटीखाली गादीवर बसायची. कार्डाबद्दल ती मला कधी एक शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसानंतर तिनं मला एकही पत्र लिहायला सांगितलं नाही. काही लिहायचं असलं की शाळेतल्या मास्तरांकडं जायची. तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं, तेव्हाचं कार्डही मास्तरांनीच लिहिलं. त्यात काय लिहिलंय, ते मला कुणी वाचायला दिलं नाही.